विरघळणारी पट्टी

दवाखान्यातल्या बाकावर माझ्याशेजारी एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी बसली होती. गृहस्थांच्या पायाला गुडघ्यापर्यंत बँडेज होतं.

“पाय काढावाच लागेल म्हणतात.”

“ऐकलं मी, बाबा.”

“तू प्रयोगशाळेत केलेली ती विरघळणारी पट्टी लाव ना. उंदरांच्या जखमा भरल्या म्हणालीस.”

“माणसांवर वापरायची परवानगी नाही अजून.”

“बापाला लावायला कसली परवानगी? गुपचूप आण.”

“आणलीही असती, बाबा.”

“मग अडलंय कुठे?”

“भरलेल्या जखमा पुन्हा चिघळल्या. पट्टीतलं पॉलिमर विरघळताना आम्ल सुटतं, त्यानं आतलं मांस सडतं. एकही उंदीर वाचला नाही.”

“आईला बोललीस हे?”

“नाही. ती रोज विचारते, पट्टी कधी आणतेस.”

“नको बोलूस. मीच सांगतो तिला, मलाच ती लावून घ्यायची नाही म्हणून.”