‘ने’ म्हणजे काय

लांब्रिनी : मी फोनवर सरळ विचारलं, ‘जाळू का?’ तू म्हणालास, ‘ने’. आणखी काय, शिक्का मारून घ्यायला हवा होता?

ओग्न्यान : ‘ने’ म्हणजे नको.

लांब्रिनी : ते तुमच्या बल्गेरियात. इथे थेसालोनिकीत ‘ने’ म्हणजे हो. इतकी वर्षं इथलं मीठ खातोयस, एवढं कळू नये?

ओग्न्यान : कळतं. पण काल मी इथे नव्हतो. प्लोव्दिवला आईच्या अंगणात भाजलेल्या मिरच्या सोलत होतो, फोन खांद्याला दाबून. तिथे बसलं की तोंडातून तिथलंच निघतं.

लांब्रिनी : वा. म्हणजे मी प्रश्न ग्रीकमध्ये विचारायचा आणि उत्तर कुठल्या देशातून येतंय ते नकाशात शोधायचं.

ओग्न्यान : तू शोधलंच नाहीस. फोन ठेवलास. माझं पुढचं वाक्य होतं, ‘ती चाचणीची किल्ली आहे.’ ते मी मिरच्यांना सांगितलं.

अरिस्तोस : अरे, तुमचा आवाज खाली बेकरीत ऐकू येतोय. लोक मला विचारतात, वर तुझी कंपनी आहे की कोंबडीबाजार? हा घ्या गरम बूगात्सा, आधी खा, मग भांडा. काय जळलं? वास तर येत नाहीये.

लांब्रिनी : याला वास नसतो, मालक. चिपच्या आत केसाहून बारीक तारा असतात. त्या जाळल्या की आपल्या किल्लीचा ठसा चिपमध्ये कायमचा उमटतो. मग यंत्र चालू होताना चिप आधी बघते, समोर आलेल्या कर्नेलवर त्याच किल्लीची सही आहे का. कर्नेल म्हणजे सिस्टिमचा गाभा. सही जुळली नाही तर यंत्र उठतच नाही.

अरिस्तोस : मग हेच तर हवं होतं आपल्याला.

ओग्न्यान : आपल्या किल्लीनं. हिनं चाचणीची जाळली.

अरिस्तोस : किल्ली ती किल्ली.

ओग्न्यान : चाचणीची किल्ली आपण कोडसोबत सगळ्या जगाला दिलीय. सरावासाठी.

अरिस्तोस : थांब. म्हणजे उद्या बेटावरून पाणीवाले येणार, त्यांच्या पंपांसाठी मी त्यांना भक्कम कुलूप दाखवणार, आणि किल्ली दारालाच टांगलेली?

लांब्रिनी : ने, मालक. आपली ‘ने’.

अरिस्तोस : दुसऱ्या चिपचा बोर्ड घे मग. फोडणी करपली तर माणूस दुसरा कांदा घेतो.

लांब्रिनी : कांदे संपले. आधीच्या दोन बोर्डांत मी ठशाची अक्षरं उलटी भरली, ते मेले. हा शेवटचा.

अरिस्तोस : पोरी, मी तुला काय म्हणालो होतो?

लांब्रिनी : उद्या पाणीवाल्यांनी नकाराची मान हलवली तर माझं काम बाजूला, आणि तुम्ही बाहेरून तयार माल विकत घेणार. पाठ आहे मला. अख्खा उन्हाळा मी या खिडकीतून दिसला तेवढाच समुद्र पाहिला, मालक. या कामापायी.

ओग्न्यान : एक वाट आहे.

लांब्रिनी : तुझ्या वाटा ठाऊक आहेत मला. कालची वाट मिरच्यांकडे गेली.

ओग्न्यान : चिपमध्ये ठशांसाठी चार जागा आहेत. दुसऱ्या जागेत आपली खरी किल्ली जाळायची. मग पहिली रद्द.

लांब्रिनी : रद्द करायचा कोड आपल्या कर्नेलमध्ये आहेच कुठे?

ओग्न्यान : होता. वसंतात मी लिहिला होता.

लांब्रिनी : बोल. थांबलास का? मी काय म्हणाले होते तेही बोल.

ओग्न्यान : तू खाली शेरा मारलास. ‘किल्लीचा घोळ घालणारे बावळट आपल्याकडे नाहीत. हे काढून टाकावं.’

अरिस्तोस : असं लिहिलंस?

लांब्रिनी : सभ्य शब्दांत लिहिलं होतं.

ओग्न्यान : ‘बावळट’ होता.

लांब्रिनी : बरं, होता. आणि तू काढून टाकलास.

ओग्न्यान : कर्नेलमधून काढला. माझ्याकडचा ठेवला.

लांब्रिनी : मग सकाळपासून तोंडात गुळणी धरून बसलास? मी इथे तडफडतेय आणि हा मजा बघतोय.

ओग्न्यान : सकाळपासून तू बोलतेयस. मला फट सापडली नाही.

अरिस्तोस : सापडली ना आता? मग लावा तो कोड.

ओग्न्यान : खऱ्या चिपवर तो कधी चाललेला नाही. रद्द करणं म्हणजेही जाळणंच, मालक. चुकलं तर हाही बोर्ड गेला.

लांब्रिनी : दाखव इकडे. मी वाचते. बाप रे, किती लांब. हे ठीक. हेही ठीक. ही ओळ काय? ‘पहिली जागा’ म्हणजे तू एक धरलीस?

ओग्न्यान : पहिली म्हणजे एक.

लांब्रिनी : चिप शून्यापासून मोजते रे. तिची पहिली शून्य, दुसरी एक. तू खरी किल्लीच रद्द करणार होतास. चाचणीची राहिली असती तशीच, जगाच्या स्वागताला.

ओग्न्यान : म्हण. शब्द तुझाच आहे.

लांब्रिनी : मी कुठे काही बोलले? शून्य केलं. खरी किल्ली दुसऱ्या जागेत भरली, अक्षरं सुलटी आहेत, तूही बघ. बघितलीस? आता विचारते. जाळू का? आणि ‘ने’ म्हणशील तर याद राख.

ओग्न्यान : मग ‘दा’ म्हणू? आमच्याकडे त्याचा अर्थ हो.

लांब्रिनी : आमच्याकडे ‘दा’ म्हणजे तान्ह्या पोराला चापट.

ओग्न्यान : मग मी बोलतच नाही.

(तो तिच्या बोटावर आपलं बोट ठेवून बटण दाबतो.)

अरिस्तोस : झालं? कुणी काही सांगाल का?

लांब्रिनी : थांबा. खऱ्या सहीचं कर्नेल लावलंय. येतंय. उठलं, मालक.

ओग्न्यान : ते उठणारच होतं. आता चाचणीच्या सहीचं लाव.

लांब्रिनी : लावलं.

अरिस्तोस : मग?

लांब्रिनी : बोर्ड नाही म्हणतोय.

ओग्न्यान : कुठल्या भाषेत?