फक्कीची रेष

माझं नाव विलास, गाव पलूसच्या पुढं कृष्णाकाठी, गावाचं नाव मात्र घालू नका, तिथं सगळे मला ओळखतात आणि मी जे सांगणार आहे ते तिथवर जायला नको. वडील साखर कारखान्यात फिटर, आम्ही तीन भाऊ, आणि तिघंही कबड्डीवाले. शाळेमागच्या मैदानावर रोज संध्याकाळी फक्की मारलेली असायची, फक्की म्हणजे ती पांढरी भुकटी, तिच्या रेषांच्या आतच आम्ही लहानाचे मोठे झालो म्हणा की. मी डावा कोपरा सांभाळायचो. पाय धरला की धरला. आमचे वस्ताद सांगायचे, रेष आपली आहे रे, रेषेवर पाय पडला तर घाबरायचं नाही, रेषेच्या पलीकडं टेकला तर बाद. तेवढं ध्यानात ठेवा, बाकी कबड्डीचं सांगत बसलो तर संध्याकाळ होईल.

डिप्लोमा केला, मुंबईला गोदीत वेल्डिंगची तपासणी शिकलो, आणि तिथून इथं परदेशात, सेम्बावांगला जहाजांच्या यार्डात आलो. सुनंदा, म्हणजे माझी बायको, दोन वर्षांनी आली, रेवा आमची इथंच जन्मली, आता पंधरा वर्षांची आहे, आम्ही मराठीत बोलतो आणि ती इथल्या लाह लावलेल्या इंग्रजीत उत्तर देते, ते आता अंगवळणी पडलंय. आमच्या यार्डात ब्रेट म्हणून एक ऑस्ट्रेलियन सुपरवायझर होता, मोठा गडी, कान चुरगाळलेले. कंपनीच्या कार्यक्रमात आम्ही चारपाच जणांनी गंमत म्हणून कबड्डी खेळून दाखवली, त्यात मी एकाचा घोटा धरला तो ह्यानं बघितला, आणि मला म्हणाला, विल, रविवारी मैदानावर ये. मी गेलो. असा मी ब्रेटच्या टीमकडून रग्बी लीगमध्ये आलो, हौशी टीम हो, कुणाला पगार नाही, जर्सी स्वतः धुवायची.

खेळ कसा, तर चेंडू काखेत घेऊन पळायचं, समोरचे पकडतात, पाडतात, उठायचं, पुन्हा पळायचं, सहा वेळा पाडलं की चेंडू त्यांचा. शेवटच्या रेषेपार नेऊन टेकवला की झाली ट्राय. पकड आम्हाला शिकवायची गरजच नव्हती, पण पहिले काही दिवस मी चेंडू घेऊन पळताना तोंडातल्या तोंडात कबड्डी कबड्डी म्हणायचो, सगळी टीम हसायची. आणि पहिल्याच सामन्यात माझा पाय बाजूच्या रेषेवर पडला, मी बिनधास्त पळत गेलो, ट्राय केली, मागं बघतो तर कडेच्या पंचाचा झेंडा वर. ब्रेट म्हणाला, विल, इथं रेष तुझी नाही, रेषेला बोट लागलं तरी बाहेर. तो दिवस मी विसरलो नाही. त्यानंतर आठ वर्षं मी कडेला खेळलो, पाच नंबरची जर्सी, आणि पुन्हा कधी रेषेवर पाय टाकला नाही.

मग गुडघा गेला. गुडघा आणि साखर दोन्ही एकदम आले, म्हणजे मधुमेह. तेव्हापासून चहा बिनसाखरेचा, इथं हॉकरला, म्हणजे खाण्याच्या टपरीवाल्याला, तेह-ओ कोसोंग म्हणायचं, म्हणजे कोरा आणि अगोड. डॉक्टर म्हणाले खेळ बंद. मी टीम सोडली नाही, पाणी न्यायचो, कोन मांडायचो, झेंडा धरायचो.

आणि त्याच वर्षी मी सागरला घेऊन आलो. मीच आणला, काय सांगू तुम्हाला, माझ्याच हातानं आणला. पुण्याचा पोरगा, एकतिसाचा असेल, बँकेत कॉम्प्युटरच्या कामात मॅनेजर, ईस्ट कोस्टला कॉन्डो, म्हणजे भारीतला फ्लॅट, गॅलरीतून समुद्र दिसतो. मराठी मंडळींच्या दिवाळीच्या जेवणात भेटला, कॉलेजात कबड्डी खेळलेला, चढाईला जायचा म्हणाला. मला वाटलं, बरं झालं, आपल्या भाषेत बोलायला कुणीतरी मिळेल. पहिल्याच रविवारी तो पळाला आणि ब्रेट माझ्याकडं बघून म्हणाला, विल, हे रत्न कुठं लपवलं होतंस. मला आठ वर्षांत कधी रत्न म्हणाला नव्हता.

तिथून सुरू झालं बघा. महिन्याभरात पाच नंबरची जर्सी त्याला गेली, ब्रेटनं मलाच द्यायला लावली, मी घडी घालून दिली. इंग्रजी असं बोलायचा की ब्रेट पोट धरून हसायचा, मी सतरा वर्षं त्याच्याशी बोलतोय, मला त्याचे निम्मे विनोद अजून कळत नाहीत. सुनंदा एरवी मैदानाकडं फिरकत नव्हती, ती थालीपीठ करून पाठवायला लागली, सागर एकटा राहतो ना अहो. आणि रेवा, आठ वर्षांत बापाचा एक सामना बघितला नाही, ती मैत्रिणींना घेऊन सरावालाच यायला लागली, आणि मला म्हणते, पप्पा, सागर अंकल सो फास्ट लाह, तुम्ही ओन्ली वॉटर देता. मी हसलो आणि बाटल्या भरायला गेलो. चांगला होता हो पोरगा, तोच तर त्रास होता, आगाऊ असता तर दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो. विलासदादा, विलासदादा करत मागं मागं असायचा, माझी पिशवी उचलायचा, आणि मला वाटायचं, उचल, तीच तेवढी राहिलीय.

नियम शिकवायचं काम ब्रेटनं माझ्याकडं दिलेलं, तुमच्या भाषेत सांग म्हणून. मी शिकवलं, उठताना चेंडू टाचेनं मागं कसा द्यायचा, पास पुढं का टाकायचा नाही, सगळं. मग स्पर्धा आली, आसपासच्या देशांतल्या हौशी टीमा, मलेशियाची, थायलंडची, सगळे इथंच आलेले. आदल्या दिवशी सराव झाल्यावर आम्ही दोघं हॉकर सेंटरला बसलो होतो. सागर म्हणाला, दादा, कबड्डीत रेष आपली असते, इथंही तसंच ना. आमच्या सरावाला रेषा नसतात, नारिंगी कोन ठेवतो आम्ही, आणि खरा सामना तो अजून खेळलाच नव्हता, त्यामुळं त्याला कळायला कारण नव्हतं. एक शब्द बोलायचा होता मला. नाही, एवढंच. मी चमचा घेतला आणि चहा ढवळत बसलो. वर बघितलं नाही. तेवढ्यात त्याच्या नूडल्स आल्या, तो खायला लागला, त्याला वाटलं हो म्हणाले. आणि मी मनाला म्हणालो, मी खोटं कुठं बोललो.

पहिले दोन सामने तो आतूनच सुटला, रेषेपर्यंत जायची वेळच आली नाही, आम्ही फायनलला गेलो, समोर मलेशियाची टीम. झेंडे धरायला प्रत्येक टीमनं एक माणूस द्यायचा, आमच्याकडून मी. शेवटचं मिनिट, आम्ही दोन गुणांनी मागं, एक ट्राय झाली की कप आपला. चेंडू सागरकडं आला आणि तो माझ्याच बाजूनं निघाला, माझ्या समोरून, रेषेला धरून. समोर मलेशियाचे दोघं. आत जागा नव्हती. त्यानं डावा पाय रेषेवर टाकला, घसरून नव्हे हो, भरवशानं टाकला, जसा आम्ही फक्कीवर टाकायचो तसा, आणि दोघांना चुकवून गेला आणि टेकवला चेंडू. सगळं मैदान ओरडलं, रेवा मैत्रिणींसकट उड्या मारत होती. आणि माझा झेंडा वर होता. नियमानं वर होता, पाय रेषेवरच होता, कुणीही तेच केलं असतं. पण हात वर जाताना मला आनंद झाला, हे लिहा, गाळू नका.

सागरनं मागं वळून आधी झेंडा बघितला, मग मला बघितलं. ब्रेट धावत आला, लाल झालेला, रेषेवर होता का, म्हणाला. म्हटलं, रेषेवर होता. त्यानं श्वास सोडला आणि माझा हात हातात घेतला, म्हणाला, विल, आपल्याच टीमविरुद्ध, असा माणूस मी बघितला नाही. मलेशियाचा कॅप्टन येऊन भेटला. बक्षिसाच्या वेळी माझं नाव पुकारलं, प्रामाणिकपणाबद्दल एक टोपी दिली, सगळे उभे राहिले, सागर सगळ्यात आधी उभा राहिला. रेवानं गळ्यात हात टाकून फोटो काढला, माय पप्पा, म्हणून मैत्रिणींना दाखवत सुटली. आठ वर्षं पळून जे मिळालं नाही ते त्या दिवशी मिळालं, आणि ती टोपी डोक्यावर अशी टोचत होती की घरी आल्यावर कपाटात वर टाकून दिली. सुनंदानं काढून शोकेसमध्ये ठेवली.

पुढच्या महिन्यात टीम पुलाउ उबीन बेटावर गेली, सायकली चालवायला. परत येताना बंबोटीत, म्हणजे ती लाकडी लाँच, सागर माझ्याशेजारी बसला. म्हणाला, दादा, एक विचारू का, तुमच्या चहात साखर नसते ना. म्हटलं, नाही, किती दिवस झाले. म्हणाला, मग त्या दिवशी ढवळत काय होता. इंजिनाचा आवाज होता, मला ऐकू आलं नाही असं करता आलं असतं, पण माझी मानच खाली गेली. मी म्हटलं, सागर, मला तुझं बघवत नव्हतं. एवढंच बोललो. तो म्हणाला, राहू द्या दादा, पण पुढच्या वेळी कुणी विचारलं तर सांगा. आणि धक्क्यावर उतरल्यावर त्यानं माझी पिशवी उचलली, नेहमीसारखी.

त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. ब्रेटला नाही, रेवाला नाही. आता तो कॅप्टन आहे. नवीन माणूस आला की आधी त्याला मैदानाच्या कडेला नेतो, रेषेवर पाय ठेवायला लावतो आणि म्हणतो, इथं बाहेर, हे मला विलासदादांनी शिकवलं. मी तिथंच झेंडा घेऊन उभा असतो. खरं सांगू, मला अजून त्याचा हेवा वाटतो, आता पळण्याचा नाही वाटत, तसं बोलता येण्याचा वाटतो, मला सात जन्मात जमायचं नाही.

त्याचं भलं होवो, त्याचे पाय शाबूत राहोत, हे मनापासून म्हणतो. सुनंदाला मी हे सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगितलं. हॉकरवाला चहाबरोबर चमचा देतो तो मी परत करतो, तो म्हणतो, अंकल, टेक लाह, मी म्हणतो नको. हा चमचा तुम्ही घ्या, तुमच्या चहात साखर आहे.