भाऊजी काय म्हणाले

अहो नाही दादा, वायर सुटली म्हणजे सुटली असेल आपली आपण — जुना ओव्हन, भिंतीला टेकून ठेवलेला, लादी पुसताना धक्का लागतो, फडकं मागे जातं — मी कशाला मागे हात घालीन, मला त्यातलं काय कळतं. काय? मागचं झाकण नीट स्क्रू लावून बंद होतं? आणि आत वायर काढून, वर टेप गुंडाळून बाजूला ठेवलेली? बरं. उंदीर टेप गुंडाळत नाही, हे मलाही कळतं. हसू नका. आणि जरा हळू बोला, पलीकडच्या खोलीत आमचे हे बसलेत. बरं, मीच काढली. झालं समाधान? आता ती लगेच जोडू नका म्हणजे झालं. पक्कड ठेवा खाली. हा लिंबाचा केक घ्या, गेल्या रविवारचा आहे पण चांगला आहे — ओव्हन तेव्हा चालू होता, हो, मला माहीत आहे चालू होता, तेच तर सांगतेय तुम्हाला.

तुम्हाला वाटेल बाईचं डोकं फिरलंय. स्वतःच बिघडवते, स्वतःच मेकॅनिक बोलावते. पण बोलावला नसता तर त्यांना काय सांगणार होते? कोणाला म्हणजे — ग्रुपला. माझा एक ग्रुप आहे फोनवर, स्वयंपाकाचा. तसा नव्हे हो, पाककृती ढकलत बसणारा. आम्ही एक पुस्तक घेतो, सगळ्यांनी तेच, आणि दर रविवारी दुपारी त्यातला एक पदार्थ सगळ्या घरांत एकाच वेळी. ज्याने त्याने आपल्या ओट्याशी. मोठ्या ताई म्हणून एक आहेत, निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांनी नियम घालून दिलेत. पहिल्यांदा करताना पुस्तकातलं काही बदलायचं नाही, एक चमचा इकडचा तिकडे नाही. बिघडलं तरी फोटो टाकायचा. आणि फोटोखाली लिहायचं — कोणी खाल्लं, आणि खाऊन काय म्हणालं. जसंच्या तसं. ताई म्हणतात, स्वयंपाक खाणाऱ्याच्या तोंडात पुरा होतो, कढईत नाही. खरं आहे त्यांचं. पण आमच्या घरात तो पुरा व्हायचा कसा?

आमचे हे सरकारी तपासनीस होते — वजनकाट्यांचे. दुकानोदुकानी जाऊन काटे तपासायचे, खोटं वजन सापडलं की जप्त. फार कडक, फार सचोटीचे, कोणाच्या घरचं पाणी प्यायले नाहीत. मागे पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी दोन महिने साधं खा म्हणून सांगितलं — उकडलेला बटाटा, दूध, पाव. दोन महिन्यांचं पथ्य यांनी जन्माला बांधून घेतलं. नंतर डॉक्टर स्वतः म्हणाले, अहो आता सगळं खा. हे म्हणाले, कशाला? तेव्हापासून सकाळ संध्याकाळ उकडलेला बटाटा. मारत नाहीत हो, ओरडतही नाहीत, तसलं काही मनात आणू नका. फक्त मी चप्पल घातली की विचारतात, कुठे. मग कशाला. मग किती वेळ. तेवढंच. उत्तर दिलं की मान हलवतात आणि मी परत येईपर्यंत त्या दाराकडच्या खुर्चीत बसून राहतात, पाणीसुद्धा पीत नाहीत. एकदा मी भाचीच्या घरी जेवायला थांबले, तर परत आले तेव्हा हे अंधारात तसेच बसलेले, बटाटा समोर थंड झालेला. त्यानंतर कुठे जाववतंय? जायचंच सोडलं मी. सोपं पडतं. ही खिडकी बघा, उघडली की समोर शेजारच्यांची भिंत. मला ती पाठ आहे.

तर मी ग्रुपमध्ये आले तेव्हा पहिला पदार्थ होता कांद्याचा टार्ट, मैद्याच्या पारीत कांदा भरून भाजतात तो. मोठं कष्टाचं काम, कांदा मंद आचेवर तासभर परतायचा. केला. सुंदर झाला होता, मीच म्हणते. बशीत घालून यांच्यापुढे ठेवला. यांनी बशी उचलली, नाकाशी नेली, परत ठेवली आणि म्हणाले, हे जप्त करायला पाहिजे. चेष्टेने नाही हो — चेष्टा यांच्या कुळात नाही. मला इतकं लागलं ते. ओट्याशी उभी राहून रडले. पण नियम म्हणजे नियम. मी फोटो टाकला आणि खाली जसंच्या तसं लिहिलं — हे वजनकाट्यांचे तपासनीस होते, बशी नाकाशी नेऊन म्हणाले, जप्त करायला पाहिजे. आणि काय सांगू तुम्हाला, सगळे हसत सुटले. किती मिश्कील आहेत हो! भाऊजींना आमचा नमस्कार सांगा! इतकं चांगलं झालंय की सरकारजमा करा, असा त्यांनी अर्थ लावला. मी फोन हातात धरून बसले. खोडून काढायला हवं होतं, पण मला हसू आलं दादा. त्या वाक्यावर ओट्याशी रडत होते आणि त्याच वाक्यावर हसायला लागले. मग पुढच्या रविवारी त्यांनी विचारलं, आज भाऊजी काय म्हणाले? आता यांनी तर माशाच्या बशीकडे बघितलंही नव्हतं. काय लिहिणार? कोणी खाल्लं नाही, कोणी काही बोललं नाही, असं लिहू? मी लिहिलं, भाऊजी म्हणतात मासा बरोबर आहे पण लिंबू वजनात मारलंय.

मग लागलीच सवय. एकदा तोंडाला रक्त लागलं की — जाऊ द्या. तिथे सगळ्यांना टोपणनावं आहेत. एक करपट आहे, बँकेत असते, तिचं सगळं खालून लागतं. एक नर्सबाई, एक विमानवाला — विमानतळावर सामान चढवतो तो, पण पाव असा करतो की बघत राहावं. त्यांच्या घरी खाणारी माणसं आहेत, पण बोलतात काय? छान, मस्त, मीठ कमी. आमचे भाऊजी मात्र बोलतात! भाऊजींनी सूप चाखून म्हटलं, या भोपळ्याचं बालपण सुखात गेलेलं दिसतं. करपटचा जळका केक बघून त्यांनी निरोप धाडला, की तुमचा ओव्हन परवान्याशिवाय चालतोय. ती तीन दिवस हसत होती म्हणे. तिचा घटस्फोट चालला होता तेव्हा, आणि मला म्हणाली, ताई, भाऊजींना सांगा, त्यांच्यामुळे मी आज हसले. आता हे मी कसं सांगू यांना? खरं तर खातो कोण, तर खालचा लॉन्ड्रीवाला. उरलेलं सगळं त्याला देते. त्याला साबण शिजवून दिला तरी छान म्हणेल बिचारा.

आणि आता ते येतायत. परवा, रविवारी. वर्ष झालं ग्रुपला, तर एकदा प्रत्यक्ष भेटून एकत्र रांधूया म्हणाले. मतं घेतली, कोणाच्या घरी. एकूण एक माझ्या घरी! माझ्यासाठी नव्हे हो, मला काय बघायचंय — भाऊजींसाठी. भाऊजींनी सगळ्यांसमोर चाखून बोलायचं, असा कार्यक्रम आहे. मी पुष्कळ सांगितलं घर लहान आहे, तर म्हणतात दाटीत मजा. नर्सबाईंनी पाळी बदलून घेतली. करपट रात्रभर बसने येणार. आणि इथे आल्यावर त्यांना कोण भेटणार? ते दारातून आत येतील, आणि हे विचारतील, कशाला? झालं. तिथे सगळं संपलं. खोटारडी म्हणून मला काढतील असं नाही — काढणार नाहीत ते, दया करतील. मोठ्या ताई म्हणतील, असू दे गं. पण मग पुढच्या रविवारी कोणी विचारणार नाही, आज भाऊजी काय म्हणाले. सगळे जपून बोलतील माझ्याशी. आणि तो रविवार सोडला तर मला दुसरं काय आहे, दादा? ही भिंत आहे.

म्हणून तुम्हाला बोलावलं. काम काही नाही, फक्त एक आवाजी निरोप पाठवायचा, या माझ्या फोनवरून. मी अमुक मेकॅनिक बोलतोय, ओव्हन पार गेलाय, घरात शॉक बसतो, आठ-पंधरा दिवस कोणी येऊ नये. तुमचा आवाज भारदस्त आहे, कोणी शंका घेणार नाही. मी सांगून पाहिलंय हो, कालच लिहिलं ओव्हन बंद पडलाय, पण बायकांचं कोण खरं मानतं, सगळे म्हणाले बटण नीट दाबा. काय? मग आजारपणाचं सांगा म्हणता? ते नाही का सुचलं मला. आजारी म्हटलं तर नर्सबाई शनिवारीच बॅग घेऊन दारात. गावाला गेलेत म्हणू? हे? हे कोपऱ्यावरच्या दुकानात जात नाहीत. बरं, तुम्ही खोटं बोलत नाही. चांगलं आहे. आमच्या घरात आधीच एक आहेत तसे.

थांबा, फोन वाजला. विमानवाला आहे. … बघा आता. बघा, वाचा तुम्हीच. म्हणतो, काळजी सोडा, माझा छोटा ओव्हन गाडीत टाकून आणतो. खाली मोठ्या ताईंनी लिहिलंय, आणि तोही नाही चालला तर नुसता पाव खाऊ पण येणार. त्याच्याखाली करपट — मला ओव्हन नको, मला भाऊजी पाहिजेत. आता या माणसांचं काय करायचं? वाईट असती तर भांडून मोकळी झाले असते. इतकी चांगली माणसं सगळ्या बाजूंनी आली की बाईने पळायचं कुठून? वायर एक काय, मी अख्खा ओव्हन खिडकीतून टाकला असता तरी ती आलीच असती.

जोडा मग. जोडा ती वायर. आता काय उपयोग आहे. … तुम्ही विचारताय, यांना सांगितलं का नाही. सांगून काय होणार? म्हणजे — हे नुसते बसले असते त्या दिवशी, दोन शब्द बरे बोलले असते, तरी भागलं असतं, नाही असं नाही. पण मला ते नकोच आहे. हसाल तुम्ही. रविवारी ते वाक्य लिहायच्या आधी मी इथे टेबलाशी बसते, दोन ताटं मांडते, आणि ते वाक्य मोठ्याने म्हणून बघते — यांच्या आवाजात. हो, जाड आवाज काढून. बरोबर वाटेपर्यंत म्हणते. मग मी हसते, मग समोरच्या ताटातलं लॉन्ड्रीवाल्याच्या डब्यात भरते. त्या माणसाशी माझं फार छान चाललंय, दादा. तो मला कुठे म्हणून विचारत नाही. तो म्हणतो, आज काय शिकलीस, चाखव. लग्नाआधी, बघायला आले होते तेव्हा, हे असे असतील असं वाटलं होतं मला — गंभीर तोंड करून गंमत करणारे. माझीच समजूत चुकली. ग्रुपची चुकली तशीच. मग एवढी वर्षं वाट बघून मीच एक करून घेतला, त्यात कोणाचं काय गेलं? आता हे त्याच्या जागी येऊन बसणार आणि परवा संध्याकाळपर्यंत तो मरणार. एवढंच आहे माझं दुःख, बाकी काही नाही. ओव्हनचं तर मुळीच नाही.

काय झालं? मागे काय बघताय?

अहो. तुम्ही — केव्हापासून उभे आहात तिथे? … काही नाही, हे दुरुस्तीला आलेत. ओव्हनच्या. बटाटा होतोय, ठेवलाय मी. … काय?

दादा, हे विचारतायत, आणखी काय काय म्हणालो मी.

नाही, मला कळत नाहीये. आवाजावरून कळायला हवं ना, राग आहे की काय आहे ते? एवढ्या वर्षांत? तुम्हाला काही कळतंय का यांच्या तोंडाकडे बघून? … नाही ना. आणि खुर्ची ओढून घेतली. इथे, या टेबलाशी, समोर. या खुर्चीत हे कधीच बसले नाहीत हो. … सांगते. सांगते म्हटलं ना, सगळं सांगते, पहिल्यापासून. तुम्ही निघा, दादा. राहू द्या ते झाकण, राहू द्या, उद्या या. निघा म्हणते ना. आणि जाताना दार ओढून घेऊ नका. उघडंच असू द्या.