गळ्यावर वस्तरा असताना

थोरला : मशीन नको. वस्तराच घे.

धाकटा : सिस्टरनं बजावलंय, दादा. रक्त पातळ आहे तुझं.

थोरला : तुझ्या दुकानातला नळ गळला की प्लंबर म्हणून मीच लागतो ना? मग सख्खा भाऊ न्हावी असताना मी भादरलेलं तोंड घेऊन टेबलावर जाऊ?

धाकटा : तोंड कोण बघतंय तिथं? पोट उघडणार आहेत.

थोरला : पोरगी बघेल की. अर्धं लिव्हर देतेय ती, वाटीभर साखर नाही. बाप जरा बरा दिसायला नको?

धाकटा : बरं. हलू नकोस.

थोरला : मी कुठे हलतोय? तुझाच हात हलतोय.

धाकटा : सकाळपासून चहा नाही झाला.

थोरला : आई गं!

धाकटा : लागलं. थांब, कापूस दाबतो. हात लावू नकोस म्हटलं ना!

थोरला : झालं! बादली आण आता. मागे दाढ काढली तेव्हा उशी बदलावी लागली होती. आयुष्यात थेंब घेतला नाही मी, आणि दुखणं बघ, पक्क्या बेवड्याचं.

धाकटा : गप. दाबून धर.

थोरला : बघ ना आता.

धाकटा : अजून थोडं.

थोरला : अरे, बघ तर खरं.

धाकटा : थांबलंय.

थोरला : काय सांगतोस! आरसा दे. वाळलं की रे! म्हणजे रक्त सुधारलं माझं. डॉक्टरीणबाईंना सांग, म्हणावं दुपारी बिनधास्त कापा.

धाकटा : सांगतो.

थोरला : मग तोंड का पाडलंस?

धाकटा : मान वर कर. आता गळा आहे.

थोरला : हो हो, बाबांचा कायदा. गळ्यावर वस्तरा, गिऱ्हाईक गप्प.

धाकटा : हां. असाच राहा. सकाळी डॉक्टरीणबाईंनी बोलावलं होतं मला. वहिनी गेल्यापासून मलाच बोलावतात.

थोरला : —

धाकटा : रक्त सुधारलेलं नाही, दादा. लिव्हर दोन्ही बनवतं म्हणे, रक्त गोठवणारंही आणि वाहतं ठेवणारंही. तुझं दोन्हीही कमी पडलंय. कधी इकडे कलतं, कधी तिकडे. रिपोर्टात पातळ दिसतं आणि आत गोठतं.

थोरला : —

धाकटा : गिळू नकोस. पातं आहे.

थोरला : —

धाकटा : आतड्याकडून लिव्हरला जाते ना, ती मोठी शीर. कालच्या स्कॅनमध्ये तिच्यात गुठळी दिसली. पोटात दुखायचं तुझ्या, आपण पित्त पित्त करत बसलो.

थोरला : —

धाकटा : बोल आता. काढलाय वस्तरा.

थोरला : कुठपर्यंत आहे?

धाकटा : खालपर्यंत. फांद्यांमध्येसुद्धा.

थोरला : म्हणजे टाकी नवी मिळाली, पण लाइन कुठे जोडणार?

धाकटा : तेच म्हणाल्या त्या.

थोरला : वळसा घालून?

धाकटा : विचारलं मी. जोडण्यासारखी शीरच उरली नाही. आजचं ऑपरेशन होणार नाही म्हणाल्या.

थोरला : विरघळवायचं औषध असेल की.

धाकटा : सुरू करणार आहेत. पण गुठळी जुनी आहे, सुटेल असं वाटत नाही त्यांना. आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात तुझ्या. त्या फुटल्या तर...

थोरला : एकाच घरात गळतीही आणि तुंबलेलंही. असलं काम मी अंगावर घेतलं नसतं.

धाकटा : दादा, हे तुझ्याकडे बघत मला सांगताच आलं नसतं रे.

थोरला : म्हणून गळा धरलास होय?

धाकटा : हो.

थोरला : वस्तरा ठेव खाली.

(वस्तरा वाटीत ठेवल्याचा आवाज. पलीकडच्या खोलीत कोणीतरी हसतं.)

थोरला : पोरगीच ना?

धाकटा : हो. ती हिरवी टोपी घालून बसलीय. सिस्टरला हसवतेय.

थोरला : तिला सांगितलंय?

धाकटा : नाही. आधी तुला, असं ठरवलं. ही बाजू राहिलीय, दादा. साबण वाळतोय. करून टाकू?

थोरला : राहू दे. रात्रीपासून उपाशी आहे पोरगी. तिला आधी काहीतरी खायला घाल.