तन्वीचं डोकं धुतलं, तो दिवस

आम्ही मूळचे मालवणकडचे, बाबा गिरणीत होते, गिरणी बंद झाली तशी घाटकोपरला डोंगरावर खोली घेतली, तिथनंच मी नर्सिंग केलं आणि आता मुलुंडच्या हॉस्पिटलात, मेंदूच्या तपासण्यांच्या खात्यात, किती वर्षं झाली ते विचारूच नका. लोक म्हणतात, सिस्टर तुमचं बरंय, वायरी लावायच्या नि बसायचं. अहो काय सांगू तुम्हाला, तसं असतं तर!

तन्वीचंच घ्या ना. आठ वर्षांची पोर, बोलता बोलता थांबायची, दहा-पंधरा सेकंद नुसती टक लावून, मग परत चालू. शाळेतल्या बाई म्हणायच्या लक्ष नाही, बाप म्हणायचा नाटकं करते, आणि हात उचलायचा. डॉक्टरांनी ईईजी लिहून दिला, म्हणजे डोक्याला वायरी चिकटवून मेंदूच्या लहरी बघायच्या, दुखत नाही, शॉक नाही, काही नाही. पण बाप बोलला होता, एवढी एकच तपासणी, यात काही निघालं नाही तर हॉस्पिटल बंद, मग मी बघतो तिच्याकडे. हे आईनं मला बाकावर बसून कानात सांगितलं, डोळ्यांत पाणी.

आणि त्याच माउलीनं सकाळी पोरीचं डोकं खोबरेल तेलानं चपचपीत चोपडून दोन वेण्या घातलेल्या! कागदावर लिहिलं होतं, केस धुऊन या, तेल नको. म्हटलं वाचलं नाहीस गं? तर म्हणते, वाचलं हो सिस्टर, पण डोक्याची तपासणी, डोकं थंड नको का? कपाळावर हात मारला मी. पण माझी आईसुद्धा परीक्षेच्या दिवशी टाळूवर तेल थापायची, मी बोलू कुठल्या तोंडानं!

तेलावर वायर टिकत नाही, आलेखाची पार वाट लागते. आमचा टेक्निशियन म्हणाला, पुढची तारीख द्या. म्हटलं अरे, पुढची तारीख या पोरीला मिळणारच नाही, तू दुसरा पेशंट घे, मला अर्धा तास दे. बाथरूममध्ये नेली, माझ्या पर्समधल्या शॅम्पूच्या पुड्या फोडल्या, दोनदा धुतलं, खसाखसा पुसलं, माझा युनिफॉर्म ओलाचिंब आणि पोर खी खी हसतेय.

वायरी चिकटवल्या, बापाला मुद्दाम आत उभा केला. तन्वीला म्हटलं, फू फू करत राहायचं, माझ्या हातातलं भिरभिरं थांबू द्यायचं नाही. असं जोरात फुंकत राहिलं की ते टक लावणं मशीनसमोरच होतं बऱ्याचदा. एक मिनिट झालं, काही नाही. दोन झाली, काही नाही. मनात म्हटलं, गावच्या देवा रवळनाथा, आता लाज राख. आणि भिरभिरं थांबलं! स्क्रीनवर सगळ्या रेघांना एकदम उंच उंच टोकं, मी तन्वी तन्वी हाका मारतेय, डोळे उघडे पण पोर जागेवरच नाही. आणि मग परत फू! तिला पत्ताच नाही. काटा आला हो अंगावर, हा बघा, आत्ताही आला!

डॉक्टर आले, म्हणाले या फिट्सच आहेत, यात मूल पडत नाही, हरवतं. गोळ्यांनी आवरतात, पोर मुद्दाम करत नाही. बाप तोंडावर हात घेऊन हमसून रडायला लागला. तन्वी वायरींसकट उठून बसली, घाबरून म्हणते, पप्पा, मी परत काय केलं?

परवा दाखवायला आले होते. गोळ्या चालू आहेत, कित्येक महिने एकदाही हरवली नाही, झकास बडबडते. बाप मला बाजूला घेऊन म्हणाला, सिस्टर, मारलं ते कसं पुसू? म्हटलं, ते पुसलं जायचं नाही भाऊ, आता ती काही सांगेल ते आधी खरं माना. सुखी राहू दे गो, बाय माझी.