वीस दिवस माझे आहेत

भावांनो, मायबहिणींनो, जय भीम. एवढ्या उन्हात विहारात आले, बरं वाटलं. लसीकरणाच्या दिवशी या माइकवर मीच ओरडते. आज मात्र माझ्याच घरचं सांगायचं आहे. सांभाळून घ्या.

जाणते लोक म्हणाले, लेकराची शोकसभा नसते करत. दहा वर्षांची पोर, माती दिली का झालं, नाव काढायचं नाई. काऊन काढायचं नाई? मी काढीन. आर्या! आमची आर्या!

आर्या माझ्या लहान बहिणीची, कविताची पोरगी. दोन वर्षांआधी तिच्या मेंदूत गाठ निघाली. नागपूरले ऑपरेशन झालं, किरणांचा शेक झाला. केस गेले तं टोपी घालून शाळेत गेली. कोणी हसलं का म्हणे, "तुले पायजे काय टोपी?" अशी होती!

यंदा तिची मांडी दुखाले लागली. मी आशाताई, गावाले आरोग्याचं सांगणारी. मीच म्हटलं, डोक्याची बिमारी पायात कशी येईन? वाढत्या वयाचं दुखणं आहे. वीस दिवस मीच मोहाचं तेल चोळलं. कविता म्हणे, "ताई, नागपूरले नेते." मीच थांबवलं. पोरगी म्हणे, "मावशी, तुह्या तेलानं नाई जात हे." ऐकलं का मी?

मग नागपूरले नेलं तं तपासणीत निघालं. तीच गाठ हाडात गेलती. डॉक्टर म्हणाले, मेंदू-मणक्याच्या बाहेर ती क्वचितच जाते, पण जाते. मी विचारलं, वीस दिवस आधी आणलं असतं तं? म्हणाले, वाचली असती असं नाई सांगता येत. दुखणं मात्र वीस दिवस आधी कमी केलं असतं.

ते वीस दिवस माझे आहेत. कविताचे नाई.

अन् बायांनो, तुम्ही बोरिंगवर पाणी भरताना काय बोलून राह्यल्या? मायचं लक्ष नव्हतं म्हणे! मायनं उशीर केला म्हणे! उशीर मी केला. बोलायचं असन तं माझ्या तोंडावर बोला. माझ्या बहिणीले कोणी एक शब्द बोललं तं मी ऐकून घेणार नाई.

माझं काम मी सोडणार नाई. दारोदार जाईन, माझी चूक माझ्या तोंडानं सांगीन. गाठीचं ऑपरेशन झालेलं लेकरू दुखते म्हणालं, तं कुठंही दुखो, आधी डॉक्टर.

आता दोन मिनिटं आर्यासाठी उभे राहा. पण मान खाली घालू नका. कविता समोर बसली आहे. तिच्याकडे पाहून उभे राहा.