मनमिळाऊ नसलेले देवरावजी

मंडळी, आणि समोर बसलेल्या मंदाकाकू,

या शोकसभेत माझ्याआधी सात जण बोलले. सगळ्यांनी देवरावजींना मनमिळाऊ म्हटलं. मला उभं राहून बोलणं जड जातंय, त्याचं एक कारण तेही आहे. देवरावजी मनमिळाऊ नव्हते हो. या सभागृहातल्या अर्ध्या लोकांशी ते बोलत नव्हते, आणि उरलेल्यांना ते आवडत नव्हते.

आपल्या वर्ध्याच्या पेपरात त्यांनी आयुष्यभर निधनवार्ता लिहिल्या. आमदार जावो की हमाल, जागा तीन ओळींची. आणि मनमिळाऊ, अल्पशा आजाराने, मोठा आप्तपरिवार, या शब्दांना बंदी.

रोहण्याला माझी आई वारली, तेव्हा मी त्यांच्या हाताखाली होतो. दोन पानं लिहून नेली. प्रेमळ, कष्टाळू, देवभोळी. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "हे कोनाचीबी माय असू शकते. तुही माय कोनती?"

मी चिडलो. ते विचारत राहिले. शेवटी चिडूनच जे माझ्या तोंडून निघालं, ते त्यांनी लिहिलं: "रोहण्याच्या गिरजाबाई वारल्या. शाळेत गेल्या नव्हत्या. मुलगा शिकायला गेला, तेव्हा आर्वीच्या डेपोत त्याच्या एसटीची पाटी पाहून एक शब्द वाचायला शिकल्या: वर्धा."

बस्स. माझ्या आईला तीनच ओळी? मी महिनाभर त्यांच्याशी बोललो नाही. पण तेरवीला आलेल्या माणसांच्या खिशात ते कात्रण होतं. माझ्या दोन पानांत आई नव्हतीच. जागा भरपूर होती, म्हणून मी तिला शोधलंच नव्हतं. विशेषणांवर भागवलं होतं.

मग मालक म्हणाले, लोकांना रंगीत फोटो पाहिजेत. तीन ओळी बंद झाल्या. तेव्हा कोण बोललं? तुम्ही? मी? मी तर बोलणारच नव्हतो. मला त्यांची जागा, त्यांचं टेबल मिळालं होतं.

परवा ते गेले. मालक म्हणाले, अर्धं पान घे. कालचं ते अर्धं पान तुम्ही सगळ्यांनी वाचलं, आज इथं त्यातलंच बोललात. त्यातला मनमिळाऊ माझा. मीच लिहिला. लाज वाटते मला.

आज सकाळी मंदाकाकूंनी मला देवरावजींच्या घरी बोलावलं. पेपर समोर ठेवला. म्हणाल्या, "बाबू, एवढं लिहलं, पन यात हे कुठीच दिसून नाई राह्यले."

मग त्यांनी सांगितलं, छापायला देण्याआधी देवरावजी प्रत्येक वार्ता त्यांना वाचून दाखवायचे. काकू काही बोलल्या, तर कागद फाडून पुन्हा लिहायला बसायचे. ऐकून त्या गप्प झाल्या, तरच द्यायचे. इतकी वर्षं त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसलो, मला हे माहीतही नव्हतं.

काकू, उद्या तीन ओळी घेऊन तुमच्याकडे येतो. तुम्ही बोललात, तर परवा पुन्हा येईन. तुम्ही गप्प होईपर्यंत येत राहीन.

मंडळी, आता उभे राहू या. देवरावजींसाठी दोन मिनिटं. मी थांबतो.